चुकीचा सांगितलेला सिनेमा

दत्तोपंत आणि कृपादान यांचं बोलणं एका सिनेमावरून बंद झालं, हे जामखेडात कुणाला सांगितलं असतं तर ते खरं वाटलं नसतं. दोघांनी एकाच शाळेत सगळी नोकरी काढली होती. दत्तोपंत मराठी शिकवायचे, कृपादान गणित. निवृत्त झाल्यावरही संध्याकाळचं फिरणं बरोबर, चहा बरोबर, आणि वादही बरोबरच. वाद नेहमी सिनेमाचा. राजकारणावर दोघांचं पटायचं, म्हणून त्यावर ते फारसं बोलत नसत.

खर्ड्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, गोरक्षनाथच्या लिंबाच्या बागेत एक रिकामी शेड होती. गोरक्षनाथ दोघांचाही जुना विद्यार्थी. महिन्यातून एका रविवारी सिनेमाची वेडी अशी आठ-दहा माणसं तिथं जमायची. नियम एकच होता. दर खेपेला एकानं आपला आयुष्यभराचा एकच सिनेमा सांगायचा. आवडते पाच नाहीत, दहा नाहीत, एकच.

मागच्या खेपेला कृपादानांची पाळी होती. त्यांनी एका दीपगृहाच्या राखणदाराचा जुना हिंदी सिनेमा निवडला होता. आरशासमोर बोलून बघितलं होतं, एवढी तयारी केली होती. चार माणसांत मनातलं बोलायची त्यांना सवय नव्हती. गणितात तशी वेळ येत नाही. ते बोलून थांबले. तेवढ्यात दत्तोपंत म्हणाले, "या सिनेमात जहाज दिसेपर्यंत प्रेक्षकाची पेन्शन सुरू होते." सगळे खो खो हसले. कृपादानही हसले. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते फिरायला गेले नाहीत.

आज दत्तोपंतांची पाळी. कृपादान येणार नव्हते. भार्गवी गाडी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली आणि हटेना, म्हणून आले. भार्गवीचं स्टँडजवळ औषधांचं दुकान होतं. सिनेमाच्या नादानं ती या म्हाताऱ्यांत सामील झाली होती आणि आता त्यांची भांडणंही तिलाच निस्तरावी लागत होती.

दत्तोपंत कुठला सिनेमा सांगणार हे सगळ्यांना पाठ होतं. 'सनईवाल्याचं लग्न'. काळापांढरा, मराठी. त्याची प्रत कुठं शिल्लक नव्हती. कॉलेजात असताना एका जत्रेतल्या तंबूत दत्तोपंतांनी तो लागोपाठ तीन रात्री पाहिला होता, आणि तिन्ही रात्री शेजारी कृपादान होते. आता कोल्हापूरच्या कुणा संग्राहकाकडून त्यातली चार छायाचित्रं मिळाली होती. ती भिंतीवर मोठी करून दाखवायची म्हणून दत्तोपंत सकाळपासून फुलून आले होते.

प्रोजेक्टर लागला. नावेत उभा असलेला मुंडावळ्या बांधलेला नवरदेव भिंतीवर आला, पण एका अंगाला कललेला.

कृपादान मागच्या खुर्चीवरून गोरक्षनाथला म्हणाले, "त्यांना सांग, नाव बुडायला लागलीय."

पुन्हा हसं झालं. दत्तोपंतांनी मान वळवली नाही. टेबलाच्या पायाखाली काहीतरी घालायला हवं, एवढंच पुटपुटून ते वीट आणायला बाहेर गेले. गोरक्षनाथ उठत होता, त्याला त्यांनी हातानंच बसवलं. कृपादानांना फार दिवसांनी बरं वाटलं. हिशेब थोडा तरी जुळला, असं.

ते बरं वाटणं पुरतं मनात उतरायच्या आत गोठ्यामागून बनुबाईची, म्हणजे गोरक्षनाथच्या आईची, हाक आली.

दत्तोपंत विटांच्या ढिगापाशी उभे होते. उजवा हात त्यांनी छातीशी धरला होता. अंगठ्याच्या मुळाशी रक्ताचे दोन ठिपके.

"विंचू असेल," ते म्हणाले.

"इच्चू न्हाई," बनुबाई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "नाग हाय. फडा काढला हुता, म्या पाह्यला. गाडी काढा."

कुणी दोरी शोधायला धावलं. कुणी म्हणालं, ब्लेड आणा. भार्गवीनं दोघांनाही थांबवलं. बांधायचं नाही, कापायचं नाही, हात हलवायचा नाही, असं सांगत तिनं बनुबाईच्या डोक्यावरची चुंबळ सोडवून दत्तोपंतांच्या हाताला एक फळी लावून तो त्या फडक्यात हलकाच अडकवला. दुसरीकडे तिचा फोन चालूच होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांशी दुकानामुळे तिची ओळख होती. इंजेक्शनं आहेत, तुम्ही निघा, मी समोरून अँब्युलन्स पाठवतो, असं डॉक्टर म्हणाले.

भार्गवी स्टिअरिंगवर बसली, गोरक्षनाथ पुढं फोन धरून. मागं कोण बसणार याचा विचार कुणी केलाच नाही. दत्तोपंतांनी डाव्या हातानं कृपादानांच्या शर्टाची बाही धरली होती, आणि ती सोडवून घ्यावी असं कुणाच्या मनात आलं नाही.

शेतातला रस्ता दगडगोट्यांचा होता. फोनमधून डॉक्टरांचा आवाज तुटत तुटत येत होता. पेशंटला कुशीवर ठेवा. घाबरू देऊ नका. आणि बोलतं ठेवा. बोलणं जड झालं, आवाज नाकातून यायला लागला, पापण्या पडायला लागल्या, की त्या क्षणी मला कळवा.

"काय होतंय?" कृपादानांनी विचारलं. इतक्या दिवसांनी त्यांनी थेट विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"काही नाही."

"दुखतंय?"

"हं."

दत्तोपंत हाताकडे बघत होते. अंगठा सुजून चकाकायला लागला होता. बायकोला, दमयंतीला कळवू नका, एवढं एकदा म्हणाले आणि गप्प झाले. कृपादानांनी शाळेचं काढलं, हवेचं काढलं, पावसानं ओढ दिल्याचं काढलं. उत्तर कशालाच नाही. भीतीनं माणूस असा आत आत जातो हे त्यांना दिसत होतं, आणि आवाज बिघडलाय की नाही हे समजायला तो आवाज बाहेर तर यायला हवा होता.

मग त्यांना सुचलं. या माणसाला त्यांनी उभ्या जन्मात एकच गोष्ट कधी सोडून देताना पाहिलं नव्हतं, ती म्हणजे दुसऱ्याची चूक. शाळेच्या सूचनाफलकावर मुख्याध्यापकांच्या मजकुरातलं शुद्धलेखनसुद्धा ते जाता येता खडूनं दुरुस्त करायचे.

कृपादानांनी घसा साफ केला.

"तुझ्या त्या सिनेमात," ते म्हणाले, "तो ताशेवाला असतो ना, अकरा गावांच्या लग्नांत ताशा वाजवणारा..."

दत्तोपंतांची मान वळली. "सनईवाला."

"तेच ते."

"तेच ते कसं? सिनेमाचं नावच... तू शेजारी बसला होतास."

"बरं, सनईवाला. तर त्याचं पाटलाच्या मुलीवर मन बसतं."

"नावाड्याच्या. पाटील कुठून आणलास? नावाड्याची मुलगी. चंद्रा."

"आणि तिचा बाप आनंदानं हो म्हणतो."

"मूर्ख आहेस," दत्तोपंत म्हणाले. त्यांच्या गालांवर रंग आला होता. "बाप नाही म्हणतो. फुंकणाऱ्याच्या घरी मुलगी देणार नाही म्हणतो. तिथंच तर सगळं आहे."

पुढच्या सीटवर गोरक्षनाथनं फोन तोंडाशी नेला आणि हळूच सांगितलं की पेशंट बोलतोय, चांगला भांडतोय. आरशात भार्गवीचे डोळे एकदा कृपादानांकडे वळले आणि परत रस्त्यावर गेले. तिला कळलं होतं.

गाडी डांबरी रस्त्याला लागली. कृपादान चुकत राहिले. इतक्या चुका त्यांनी आयुष्यात केल्या नव्हत्या. त्यांनी सनईवाल्याला एक भाऊ दिला, तो दत्तोपंतांनी काढून घेतला. त्यांनी मध्यंतर पुराच्या आधी टाकलं, ते दत्तोपंतांनी पुरानंतर नेलं. चंद्राची मावशी खाष्ट होती असं म्हटल्यावर तर दत्तोपंत उठून बसायला निघाले, तेव्हा त्यांचा खांदा दाबून धरावा लागला. प्रत्येक दुरुस्तीबरोबर कृपादान कान लावत होते. र स्वच्छ येतोय. ळ येतोय. ठीक आहे.

पुलाचं काम चालू होतं तिथं रस्ता खाली वळवला होता, आणि त्या वळणावर कांद्याचा एक ट्रक रुतून आडवा झाला होता. दोन्हीकडे गाड्यांची रांग. भार्गवीनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. गोरक्षनाथ फोन सीटवर टाकून, दार उघडून पळत सुटला. पुढं कुठंतरी त्याचा आवाज ऐकू आला, मास्तरला पान लागलंय, साप चावलाय, वाट द्या, आणि मग माणसं गाड्यांतून उतरायला लागली.

"मग वऱ्हाड बैलगाड्यांतून निघतं," कृपादान म्हणाले.

"नावे... तून."

शब्द नाकातून आला होता.

"काय म्हणालास?"

"नावे..." दत्तोपंतांनी पुन्हा प्रयत्न केला. ओठ जुळले नाहीत. डाव्या डोळ्याची पापणी अर्धी खाली आली होती, आणि ती वर ओढायला ते सगळं कपाळ चढवत होते.

"भार्गवी," कृपादान म्हणाले. "डॉक्टरांना सांग. सुरू झालं."

तिनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, अँब्युलन्स तुमच्या दिशेनं निघालीय, ट्रकच्या पलीकडं भेटेल. तोंडातली लाळ गिळता येणार नाही, ती बाहेर वाहू द्या. श्वासाकडे लक्ष ठेवा.

कृपादानांनी मित्राचं डोकं मांडीवर घेतलं, कुशीवर वळवलं आणि गालाखाली आपला रुमाल घातला. दत्तोपंतांच्या घशातून आवाज येत होता, पण त्याचे शब्द होत नव्हते. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत भीती उघडी पडली होती. ज्याचा सगळा जन्म बोलण्यात गेला, त्याची जीभ त्याच्या डोळ्यांदेखत जात होती.

"बोलू नकोस," कृपादान म्हणाले. "हे माझं बोट धर. मी चुकलो की दाब. कळलं?"

बोट दाबलं गेलं.

"वऱ्हाड नावेतून निघालं. नवरदेवानं फेटा बांधला होता आणि हातात तलवार होती."

बोट दाबलं गेलं.

"बरं, तलवार नव्हती. नारळ होता."

काही नाही. बरोबर होतं.

बाहेर लोकांनी ट्रकमधली पोती उतरवायला घेतली होती. कुणीतरी रस्त्याकडेच्या भरावावर दगड टाकून एका गाडीपुरती वाट करत होतं. भार्गवीनं गिअर टाकला आणि गाडी कलती करून त्या दगडांवर घातली. खाली पत्रा खरवडला. एका बाजूला ट्रकचं चाक आणि दुसऱ्या बाजूला कोरडा ओढा. बाहेरून दहा-पंधरा हात गाडीला रेटत होते. गोरक्षनाथ बोनेटपुढं उलटा चालत तिला डावं-उजवं दाखवत होता.

"मांडवात पोचले," कृपादान म्हणत होते, "तर वाजवायला दहा सनईवाले बसलेले."

बोटाभोवतीची मूठ हलली, पण तीत आता दाब नव्हता. नुसती थरथर.

गाडी पलीकडं उतरली. गोरक्षनाथ धावत येऊन आत बसला.

आता कृपादानांनी ठेवणीतली चूक काढली. अशी, की दत्तोपंत मेले असते तरी उठून बसले असते, असं त्यांना वाटलं आणि त्या वाटण्याचीच त्यांना धडकी भरली.

"शेवटी सनईवाला रेल्वेखाली जीव देतो," ते म्हणाले. "चंद्रा दुसऱ्याशी लग्न करते. सिनेमा संपतो."

ते थांबले. बोटाभोवतीची ती मूठ सैल होती. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, मोठ्यानं, अधिक वाईट करून. चंद्राचा नवरा सावकार असतो, म्हणाले. सनई नदीत फेकून देतात, म्हणाले. दत्तोपंतांच्या दोन्ही पापण्या मिटल्या होत्या. कृपादानांनी नाकापुढं बोटं धरली. श्वास होता, पण वरच्यावर, आणि दोन श्वासांमध्ये अंतर पडत चाललं होतं.

"दत्ता," ते म्हणाले. "अरे, मी चुकतोय."

भार्गवीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि गाडीचा वेग कमी झाला नव्हता. समोरून भोंगा ऐकू आला.

अँब्युलन्समध्ये एक तरुण डॉक्टरीण होती, सिल्व्हिया नावाची. तिनं दत्तोपंतांना स्ट्रेचरवर घेतलं, तोंड पुसलं, तोंडावर मास्क दाबून रबरी फुगा पिळायला सुरुवात केली. छाती वर आली, खाली गेली. सोबत कुणी एकानंच चला, म्हणाली. कृपादान आधीच आत चढलेले होते. दार लागलं.

"गेले का?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका. ते शुद्धीत आहेत."

कृपादानांना कळेना.

"स्नायू बंद पडलेत. डोळा उघडता येत नाही, बोट हलत नाही. पण आत ते जागे आहेत. आपण बोलतोय ते सगळं ऐकू येतंय त्यांना." ती फुगा पिळत म्हणाली, "गाडीत बोलत होतात ना? थांबू नका."

मघाशी आपण 'गेले का' म्हणालो, तेही त्यानं ऐकलं. हे लक्षात आलं तशी कृपादानांनी स्ट्रेचरची कड घट्ट धरली. सनई नदीत फेकल्याचं ऐकलं, रेल्वे ऐकली. आणि हा तिथं आत एकटा अंधारात पडून आहे, दुरुस्त करायला काहीही हाताशी नसताना.

ते वाकले आणि दत्तोपंतांच्या कानाशी तोंड नेलं.

"मघाचं सगळं खोटं," ते म्हणाले. "आता ऐक. बरोबर सांगतो."

आणि त्यांनी बरोबर सांगितलं. पहिल्या चित्रापासून, काठावर वाळत घातलेल्या जाळ्यापासून. अकरा गावांत कुणाच्याही घरी लगीन असलं की ज्याला बोलावणं जातं, त्या माणसाच्या स्वतःच्या मांडवात वाजवायला कुणी नाही, कारण पंचक्रोशीत वाजवणारा तोच एक. नावाडी अखेर हो म्हणतो ते का, पुरात काय घडतं, मावशी पदराखालून काय काढून देते. एकही गोष्ट सुटली नाही. चंद्राच्या एका हातात बांगड्या कमी असतात तेही. तिन्ही रात्री तंबूत ते कंटाळल्यासारखे पाय पसरून बसले होते आणि बाहेर पडल्यावर, ठीक आहे, इतकंच म्हणाले होते. तो सिनेमा आपल्यालाही तोंडपाठ आहे, हे दत्तोपंतांना त्यांनी कधी कळू दिलं नव्हतं.

सिल्व्हियाचा हात चालू होता. मध्येच तिनं ड्रायव्हरला आणखी जोरात घे म्हणून सांगितलं. दत्तोपंतांचे ओठ निळसर दिसत होते. कृपादान तिकडं बघेनात.

"मुहूर्त आला," ते सांगत होते. "आंतरपाट धरला. मांडवात चिडीचूप. वाजंत्री नसलेलं लग्न, म्हणून बायका कुजबुजायला लागल्या. तर हा बोहल्यावरून खाली उतरला. मुंडावळ्या तशाच. त्यानं सनई ओठांना लावली आणि आवाज फुटेना, दत्ता. तोंड कोरडं पडलं होतं. तेव्हा तो म्हातारा नावाडी, ज्यानं फुंकणारा म्हणून हिणवलं होतं, तो उठला, त्याच्याजवळ येऊन मांडी घालून बसला आणि त्यानं नुसत्या गळ्यानं सूर धरून दिला. मग सनई लागली. आंतरपाट खाली आला तरी हा डोळे मिटून वाजवतच होता. चंद्रा माळ घेऊन उभी. आणि मांडवातल्या एकाही माणसानं त्याला थांबवलं नाही."

अँब्युलन्स दवाखान्याच्या फाटकातून आत वळली. दार उघडलं, चार हात आले, स्ट्रेचर गेलं.

दमयंतीवहिनी पायरीवर उभ्या होत्या. कुणी कळवलं होतं देव जाणे. त्यांनी स्ट्रेचर जाताना पाहिलं, आणि मग ओल्या शर्टानं उभ्या असलेल्या कृपादानांकडे आल्या.

"भाऊजी, बोलले का तुमच्याशी?"

"बोलले, वहिनी."

"काय बोलले?"

"भांडले. मूर्ख म्हणाले मला."

वहिनींनी मान हलवली. "मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि तिथंच पायरीवर बसल्या.

इंजेक्शनं लागली, घशात नळी गेली, अंधार पडायच्या आत त्यांना नगरला हलवलं. पुढचे दिवस मशीन श्वास देत होतं. कृपादान रोज सकाळच्या एसटीनं जायचे आणि काचेबाहेर बसून यायचे. एका दुपारी दत्तोपंतांची उजवी पापणी थोडी वर गेली. त्यानंतर दोन दिवसांनी नळी निघाली. अंगठा काळा पडला होता. त्याचं टोक काढावं लागलं.

कृपादान आत गेले तेव्हा वहिनी चमच्यानं पाणी पाजत होत्या. खुर्ची त्यांच्याकडे सरकवून त्या डबा धुवायला बाहेर गेल्या. दत्तोपंतांचा आवाज पार बसला होता. ऐकायला वाकावं लागत होतं.

"सगळं ऐकू येत होतं," ते म्हणाले. "ट्रकचा आवाज. ती पोरगी रडत होती ते."

"बोलू नकोस फार."

"मी आतून ओरडत होतो. कुणाला पत्ताच नाही." ते थांबले, श्वास घेतला. "तू गप्प झालास की वाटायचं, झालं. आता संपलं. मग तू परत सुरू करायचास."

कृपादानांनी टेबलावरची वाटी उचलली, चमचाभर पाणी घेतलं आणि दत्तोपंतांच्या ओठांशी धरलं. दत्तोपंत सावकाश प्यायले. मग डोळे मिटून पडून राहिले. पाणी पिताना धरलेलं कृपादानांचं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं, म्हणून वहिनी परत येईपर्यंत कृपादान तसेच बसून राहिले, वाटी एका हातात घेऊन.